पारूबाईची दाढ आणि डाळिंबाची साल

मी दाढ आहे. सोलापुरात राहणाऱ्या पारूबाईच्या खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला माझा मुक्काम आहे. बोलायला तोंड लागतं, ते मला आयतंच मिळालंय, तेव्हा मी बोलणार. मी हलते, हे आधीच सांगून टाकते. जिभेनं ढकललं तर हलते, गार पाण्यानं ठणकते, आणि कधी कधी पारूबाईला रात्रभर कुशीवर झोपू देत नाही. पण हलणं वेगळं आणि पडणं वेगळं. मला उपटायला टपलेल्या सगळ्यांना हा फरक मी चांगला दाखवून दिलाय.

तुम्ही म्हणाल, तोंडातल्या अंधारात राहून हिला काय कळणार? तुम्हाला पारूबाई माहीत नाही. तिचं तोंड मिटलेलं असतं तेव्हा ती एक तर झोपलेली असते, नाही तर रुसलेली. एरवी बडबड चालूच. त्यामुळे मला बाहेरचं भरपूर दिसतं, आणि ऐकू तर हाडातून येतं.

माझा जन्म वळसंगचा. पारू सहा वर्षांची होती तेव्हा मी तिच्या हिरडीतून वर आले. माझ्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडला नाही, त्यामुळे मी आल्याचं घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. आले ती मागच्या बाजूला, गुपचूप, आणि आल्या दिवसापासून कामाला लागले. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याचे घाटे, ऊस, चिंचोके, काय वाट्टेल ते. बाभळीच्या काडीनं सकाळी घासलं की दिवसभर माझी कसली तक्रार नसे. तेव्हा हाड मला असं घट्ट धरून होतं की पारूनं एकदा पैजेवर माझ्यावर ठेवून सुपारी फोडली होती. पैज जिंकली ती, नाव झालं तिचं. माझं नाव कुणी घेतलं नाही.

मग लग्न झालं आणि आम्ही सोलापुरात आलो. नवरा हणमंतराव चादरीच्या कारखान्यात होते. सासरी आल्यावर पारूबाईच्या हातात पहिल्यांदा मिश्रीची डबी आली. पितळेची, झाकणावर फुलाची नक्षी असलेली छोटी डबी. तंबाखू तव्यावर जाळून, कुटून केलेली ती काळी पूड बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवर चोळत बसायचं. गल्लीतल्या बायका दुपारी ओट्यावर जमत आणि एकच डबी हातोहात फिरे. कुणाला मिश्री नाकारणं म्हणजे तिला परकं म्हणणं. आमच्या पारूबाईला एकटीनं काही खाताच येत नाही. अर्धं बिस्कीट असलं तरी त्यातलं पाव ती दुसऱ्याला देणार. हा तिचा गुण आहे असं सगळे म्हणतात. मला त्या गुणानं काय काय भोगायला लागलं, ते पुढं येईलच.

मिश्रीनं आधी हिरडी काळी पडली. मग सुजली. मग सकाळी चूळ भरताना पाणी लालसर पडायला लागलं. पारूबाई म्हणाली, उष्णता वाढली असंल. सोलापूरच्या उन्हात उष्णतेवर काहीही खपतं. माणसाला बोटाला साधा काटा लागला तर तो फुंकर घालत बसतो, आणि हिरडीतून रोज रक्त येतं तेव्हा गूळ घालून सरबत पितो. मला हे कोडं कधी सुटलं नाही.

त्या सुजेखाली काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. मी ज्या हाडात उभी आहे ते खचायला लागलं होतं. दुखत फारसं नव्हतं, म्हणून कुणी पाहिलंही नाही. माझ्या मागची शेजारीण पेरू खाताना पारूबाईच्या हातात आली. पुढची एका लग्नात, जिलेबीच्या घासात गेली. लहान मुलाचा दात पडला तर तो पत्र्यावर टाकतात, नवा दे म्हणून देवाकडं मागतात. मोठ्या माणसाचा पडला तर कागदात गुंडाळून केरात. मी डाव्या बाजूला एकटी राहिले. पण माझ्या वरची दाढ शाबूत होती, आणि दोघी मिळून आम्ही काम रेटत होतो.

काम काही साधंसुधं नव्हतं. हणमंतराव घरी बसल्यावर पारूबाईनं बिस्मिल्लाबीच्या जोडीनं कडक भाकरीचा धंदा धरला. बिस्मिल्लाबी शेजारच्या गल्लीतली, तिचा नवरा नबीसाब टेंपो चालवायचा. दोघींची मैत्री जुनी, मिश्रीच्या डबीपासूनची. ज्वारीचं पीठ मळायचं, पापडासारखी पातळ भाकरी थापायची, वरून तीळ लावायचे, तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या धगीला ठेवून पार वाळवायची. अशी भाकरी महिनाभर टिकते आणि खाताना वाजते. वाजली नाही तर ती कडक भाकरीच नव्हे. कड आधी वाळते, त्यामुळे हातानं मोडून बघण्यात फसगत होते. म्हणून पारूबाई प्रत्येक घाण्यातली एक भाकरी उचलायची, मधला तुकडा काढायची आणि माझ्यावर ठेवायची. कट्ट. वाजलं की बिस्मिल्लाबी पाकिटं भरायला घ्यायची. चिवट लागलं की सगळा घाणा परत धगीला. दुकानदार डोळे झाकून माल घ्यायचे ते माझ्या भरवशावर. मी फुशारकी मारत नाही, आहे ते सांगतेय.

आणि नेमकी तेव्हाच मी हलायला लागले. तुकडा ठेवला की कट्टऐवजी कळ यायची. पारूबाई डोळे मिटून गालाला हात लावायची. एकदा तिनं कळ टाळायला अलगद चावलं, सगळं ठीक आहे म्हणाली, आणि चिवट माल बाहेर गेला. दुकानदारानं तो तसाच परत पाठवला. त्या दिवशी संध्याकाळी तिनं एकेक पाकीट फोडून सगळी भाकरी परत धगीला लावली.

घराजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला चिमट्यानं हलवून पाहिलं आणि म्हणाले, काढा, आणि उरलेलेही काढून कवळी बसवा. हणमंतराव खूश झाले. त्यांच्याकडं कवळी आहे. ती स्टीलच्या पेल्यात पाण्यात असते, लग्नाकार्यात आणि फोटोत तेवढी तोंडात जाते. जेवायला बसले की काढून खिशात घालतात. असल्या वस्तूला दात म्हणणं हा आमच्या जातीचा अपमान आहे.

"टाक की काडून एकदाची," हणमंतराव म्हणाले. "माज्यासारकी कवळी बसव. कटकट न्हाय, दुखणं न्हाय."

"आन् भाकरी कशानं बगू?" पारूबाई म्हणाली. "तुमच्या पेल्यातल्या दातानं?"

"बिस्मिल्लाबी बगंल की."

"तिच्या हिरड्या माज्याहून सुजल्यात. न्हाय काडायची म्हटल्यावर न्हाय काडायची."

त्या क्षणी मला पारूबाईचा अभिमान वाटला. दोघीही हट्टी, म्हणून तर इतकी वर्षं एकत्र टिकलो.

पुढं एका रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात दातांची तपासणी होती. शहरातल्या एका दातांच्या कॉलेजातून डॉक्टर संघप्रिया आल्या होत्या. वयानं लहान, पण हात हलका. पारूबाई बिस्मिल्लाबीला ओढतच घेऊन गेली. डॉक्टरांनी बारीक सळई माझ्या आणि हिरडीच्या मधे घालून पाहिली, मग कॉलेजात बोलावून एक्स-रेचा फोटो काढला. फोटोत माझ्या मुळांभोवतीचं हाड निम्म्यावर आलेलं दिसत होतं. स्वतःचा पाया असा उघडा पडलेला बघून मलाही जरा कसंनुसं झालं.

"मावशी, हाडात दोन टोळ्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "एक जुनं हाड खरवडून काढते, दुसरी नवं भरते. एरवी दोघींचं काम बरोबरीनं चालतं. पण हिरडी सतत सुजलेली राहिली की खरवडणारी टोळी माजते आणि भरणारी मागं पडते. मग दात कशावर उभा राहणार?"

मग त्यांनी स्वतःचं काम सांगितलं. सांगोल्याकडून डाळिंबाच्या साली आणून, वाळवून, त्यातला तुरट अर्क काढून त्यांनी एक मलम केलं होतं. त्या सालीत असं काही असतं की सूज उतरते आणि खरवडणाऱ्या टोळीला लगाम बसतो, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं.

"साल?" पारूबाई म्हणाली. "आमी तर शेळीम्होरं टाकतो."

"हौ, पर आमची नानी उकळून चूळ भराया द्यायची," बिस्मिल्लाबी म्हणाली.

"आजीचं खरं असेलही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते तपासायला हवं. हे अजून औषध झालेलं नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर बरं दिसलंय. माणसाच्या हिरडीत चालतं का, कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. आधी सगळ्यांचे दात खोलवर साफ करणार, मलमाला नाही म्हणालात तरी करणार. मग काहींना सालीचं मलम मिळेल, काहींना तसंच दिसणारं, तसंच लागणारं, पण साल नसलेलं. कुणाला कुठलं मिळालं ते मलाही शेवटपर्यंत कळणार नाही."

"ज्येला नुसता लगदा मिळंल त्येनं काय पाप केलंय?"

"काही नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सालीचा गुण की साफ करण्याचा, ते समजणार कसं? फक्त दोन गोष्टी पाळा. मिश्री बंद, आणि आपली ट्यूब आपणच वापरायची."

दोघींनी माना हलवल्या. पारूबाई मान हलवते तेव्हा मीही हलते, पण माझा होकार कुणी विचारला नव्हता. मला तर डाळिंबाची साल हवीच होती. माझ्या वाट्याला नुसता लगदा येईल, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

दात साफ झाले, ट्यूबा मिळाल्या, आणि परतताना रिक्षात दोघींनी त्या काढल्या. दोन्हींवरचे आकडे वेगवेगळे होते.

"म्हंजे एकीत हाय आन् एकीत न्हाय," पारूबाई म्हणाली.

"तुज्यात असंल तर माजं काय?" बिस्मिल्लाबी म्हणाली.

"आन् तुज्यात असंल तर माजं?"

घरी येऊन पारूबाईनं मिश्रीची डबी रिकामी केली. राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली. दोन्ही ट्यूबा तिच्यात पिळल्या आणि चमच्याच्या दांड्यानं घोटून एकजीव केल्या. मग निम्मं बिस्मिल्लाबीच्या वाटीत, निम्मं डबीत. दोघींच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की तेवढं न्यायाधीशालाही निकाल देऊन वाटत नसेल. मी आत बसून कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ ना हात. निम्मी साल. आयुष्यभर अख्खी भाकरी फोडली मी, आणि औषध घ्यायची वेळ आली तर निम्मं.

पण एक गोष्ट झाली. डबीत मलम भरल्यावर मिश्रीला जागा राहिली नाही. दुपारी ओट्यावर कुणी आपली डबी पुढं केली की पारूबाई स्वतःची उघडून दाखवायची आणि म्हणायची, माजी भरल्याली हाय. सुरुवातीला तिचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, हणमंतरावांची कवळी पेल्यासकट दोनदा मोरीत गेली. तरी तिनं मिश्रीला बोट लावलं नाही. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशनं मला घासायची आणि वर मलम चोळायची. चूळ भरताना पाणी पांढरं पडायला लागलं. सूज उतरली. मी जागेवर थोडी घट्ट झाले. थोडीच, पण मला कळत होतं.

ठरल्या दिवशी पुन्हा फोटो काढला. डॉक्टर संघप्रियांनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मावशी, हाड आणखी खचलेलं नाही. एका बाजूला तर किंचित भरल्यासारखं दिसतंय. आमच्या बैठकीत तुमच्या दाढेचा फोटो मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे मी."

मला ज्याची आस होती ते पदरात पडत होतं. सुपारी मी फोडली, नाव पारूचं झालं. भाकरी मी तपासली, नाव दोघींचं झालं. आता पडद्यावर मी एकटी असणार होते, मुळांसकट.

"तुमच्या ट्यूबमध्ये साल निघाली, तर तुमच्यामुळं पुढं कितीतरी जणांच्या दाढा वाचतील," डॉक्टर म्हणाल्या.

पारूबाईचं तोंड मिटलं, म्हणजे माझ्यापुढं अंधार. अंधारात मला तिची जीभ चाचपडताना जाणवली. मी ओळखलं ही काय करणार ते. बोलू नकोस, मी मनात म्हटलं. फोटो खरा आहे, हाड खरं आहे, तुझं तोंड उघडण्याचं काही कारण नाही. जीभ चावता आली असती तर मी तेव्हा चावली असती.

"म्याडम, फोटो दाखवू नगा," पारूबाई म्हणाली. "आमी दोगींनी ट्यूबा एक केल्या."

बिस्मिल्लाबीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर संघप्रियांनी हातातला फोटो खाली ठेवला. मग खुर्चीत मागं टेकल्या.

"कशाला केलंत मावशी?"

"एकीला हाय न् एकीला न्हाय, आसं कसं घ्यावं?"

"मग मला आत्ता तरी कशाला सांगितलंत? मला कधी कळलंही नसतं."

"चिवट भाकर कडक म्हनून इकल्यागत झालं आस्तं. तुमी लोकास्नी सांगनार, सालीनं झालं. आन् कशानं झालं ते आपल्याला तरी कुटं म्हाइत हाय?"

डॉक्टर रागावल्या. ओरडल्या नाहीत, पण त्यांनी दोन्ही फोटो पाकिटात घालून पाकीट बंद केलं, आणि ते जास्त लागलं. त्यांच्या सरांनी दोघींना मोजणीतून वगळायला सांगितलं. पडद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी दाढ गेली. मी तीन दिवस ठणकून पारूबाईला माझं मत कळवलं. तिनं मिठाच्या पाण्यानं चूळ भरली आणि मत थुंकून टाकलं.

सगळ्यांचं काम संपल्यावर कुणाच्या ट्यूबमध्ये काय होतं ते उघड झालं. डॉक्टर संघप्रिया स्वतः दोघींच्या भाकऱ्या भाजायच्या शेडवर आल्या. सालवाल्यांचं लगदावाल्यांपेक्षा थोडं बरं दिसलं होतं, पण माणसं कमी होती, एवढ्यावर छातीठोक बोलता येणार नव्हतं. आता जास्त माणसं घेऊन पुन्हा करायचं होतं.

"आन् आमच्यात काय हुतं?" पारूबाईनं विचारलं.

डॉक्टरांना हसू आवरेना. "मावशी, दोघींच्याही ट्यूबमध्ये नुसता लगदा होता."

तव्याजवळ बसलेली बिस्मिल्लाबी इतकी हसली की तिची थापलेली भाकरी परातीत परत गोळा झाली. "म्हंजे आपण काय वाटून घेतलं गे पारूक्का?"

"कायबी न्हाय," पारूबाई म्हणाली. "निम्मं निम्मं कायबी न्हाय."

हसली तीही. तिचं तोंड उघडं होतं आणि मी उन्हात होते. मला आधी तोंडात मारल्यासारखं झालं. महिनोन्‌महिने मी डाळिंबाचे गोडवे गात होते, आणि डाळिंब माझ्या वाटेलाही फिरकलं नव्हतं. मग मी विचार केला. साल नव्हती तरी मी उभी राहिले. घाण काढली, मिश्री थांबली, सूज उतरली, तेवढ्यावर मी तग धरला. मला मोजलं नाही म्हणून मी नाही, असं कुणी म्हणून दाखवावं. आणि नुसत्या लगद्यावर मी एवढी टिकते, तर खरी साल मिळाल्यावर काय करीन, याचा हिशेब डॉक्टरांनी करावा. किंवा काहीच करणार नाही. तेही बघू. त्याला मी भीत नाही.

"आता आमाला खरं द्या की," पारूबाई म्हणाली.

"पुन्हा तसंच होणार, मावशी. साल मिळेल की लगदा, सांगता येणार नाही. तुम्हाला घ्यायचं की नाही, हेही सरांना विचारावं लागेल."

"इचारा. येऊ द्या कुटलंबी. आन् बाया मी आनते."

सर तयार झाले. पारूबाईनं ओट्यावरच्या सगळ्या बायका नेल्या आणि कॉलेजच्या पायरीवर उभं राहून प्रत्येकीला दम भरला. "आपापलं आपुन लावायचं. वाटायचं न्हाय. वाटलं तर माज्याशी गाठ हाय." आयुष्यभर पाव बिस्कीट वाटणारी बाई हे बोलत होती. बायकांना खरं वाटेना. मलाही.

आता मिश्रीची डबी कोनाड्यात रिकामी आहे. तिच्यात पारूबाई केसांच्या पिना ठेवते. नव्या ट्यूबा दोन घरी दोन फळ्यांवर आहेत. माझ्या ट्यूबमध्ये काय आहे, मला ठाऊक नाही. थोडं तुरट लागतं, पण लगदाही तुरटच होता. मी अजून हलते. कदाचित पुढं कधी पडेनही, हाड परत पहिल्यासारखं होईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण मला कुणी सहज उपटून टाकेल, ते दिवस गेले. जाईन तेव्हा भांडून जाईन.

तुमच्याही तोंडात माझ्या बहिणी उभ्या आहेत. आज रात्री त्यांना घासताना थुंकीकडं बघा. लाल दिसली तर उष्णता म्हणून मोकळे होऊ नका, डॉक्टरकडं जा. आणि कुणी सालीची, पानाची, मुळाची जादू सांगितली, तर विचारा, कुणाकुणावर तपासली. माझ्याच मालकिणीनं माझा मोठा पडदा घालवला, त्याचा राग माझ्या मनात आहे. पण ती बरोबर होती, हेही मला कबूल आहे.

थांबा, नवा घाणा उतरलाय. पारूबाईनं मधला तुकडा काढला. बिस्मिल्लाबी पाकीट हातात धरून वाट बघतेय. तोंड उघडलं, तुकडा माझ्यावर आला.

कट्ट.

"भर," पारूबाई म्हणाली. उरलेली भाकरी तिनं मधोमध मोडली आणि अर्धी बिस्मिल्लाबीच्या हातात दिली.